व्हॉल्व्ह बसले, बाबा

बाबा,
काल व्हॉल्व्हचा बारीक लॉक तुमच्या हातातून सारखा निसटत होता आणि "रिक्षा भंगारात देऊन टाकू" म्हणून तुम्ही आत जाऊन बसलात. सकाळी मी दोन्ही व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले. इंजिनच्या हेडमध्ये रॉकेल ओतून बघितलं, थेंबही गळला नाही! ऑइल सील मात्र कडक झालेत, ते आणायला माजिवड्याला जातेय. भंगारवाल्याला फोन करू नका हां. पोहे झाकून ठेवलेत, खाऊनच गोळी घ्या.
आल्यावर दोघं मिळून बसवू. स्प्रिंग दाबायला माझा जोर पुरत नाही, ती तुम्ही दाबा. लॉक मी बसवते. तुमचा हात थरथरला तर थरथरू दे, मी थांबेन.
समीक्षा