माझ्या पित्तनळीचा व्हॉल्व्ह

७ जानेवारी, मंगळवार
सोनोग्राफी झाली. पित्ताशयात तीन खडे. शिळफाट्याच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हिरामणभाऊ, ऑपरेशन करून टाका. मग म्हणाल्या, पित्तनळीच्या तोंडाशी स्नायूचं कडं असतं. उघडलं की पित्त आतड्यात उतरतं, मिटलं की थांबतं. अरे, हा तर व्हॉल्व्ह! साजगावच्या कारखान्यात बावीस वर्षं मी दुसरं काय दुरुस्त करतोय? ऑपरेशन कॅन्सल. (मॅडमना अजून सांगितलेलं नाही.)

८ जानेवारी, स. ६
ट्रेनिंग सुरू. श्वास घेताना कडं उघडायचं, सोडताना मिटायचं. चाळीस वेळा. कडं लगेच ऐकतंय असं वाटलं. बायको, जना, म्हणाली, पोटाकडं बघून काय पुटपुटताय? म्हटलं, तुला नाही कळायचं. टेक्निकल विषय.

११ जानेवारी
मॅडमना फोन. स्नायू सैल कधी पडतो? म्हणाल्या, तेलकट खाल्लं की पित्ताशय आवळतं, स्नायू सैल पडतो, म्हणूनच तुम्हाला... पुढचं ऐकायची गरजच नव्हती. खालापूरला जाऊन चार वडे. औषध म्हणून.

तोच दिवस, दु. ४
उजव्या बरगडीखाली भयंकर कळ. शर्ट घामाने चिंब. वा! खडा निघाला!

१४ जानेवारी, संक्रांत
सहा लाडू. तिळात तेल असतं. पुन्हा कळ. जनाला सांगितलं नाही, ती घाबरट आहे.

१७ जानेवारी
डोळे पिवळे, लघवी चहासारखी. पित्त फुल प्रेशरने वाहतंय. जना रिक्षा घेऊनच दारात. "अवो, अंगाला हळद लावल्यागत दिसताय, चला." म्हटलं, सोमवारी बघू. तर ती रडायला लागली. लग्नाला एकवीस वर्षं झाली, कधी रडली नव्हती. मुकाट रिक्षात बसलो.

१८ जानेवारी, पनवेल
खडा नळीतच अडकला होता. तोंडातून दुर्बीण घालून डॉक्टरांनी त्या कड्याला चीर दिली आणि खडा काढला. म्हणाले, अजून दोन दिवस थांबला असता तर जिवावर बेतलं असतं. जना हे ऐकत होती.

२१ जानेवारी
काल पित्ताशयही काढलं. सकाळी राउंडला डॉक्टर आले. विचारलं, माझ्या ट्रेनिंगने स्नायूत कितपत सुधारणा? म्हणाले, शून्य. तो स्नायू स्वतःच्याच तंत्राने चालतो, कुणाचं म्हणून ऐकत नाही.
जना मोसंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग ह्यांच्यावरच गेलाय."
अख्खा वॉर्ड हसला. मीही हसायला गेलो. टाके दुखले.