ॲडजस्ट होतंय की, पावणं

३ नोव्हेंबर, सोमवार

आले बाई एकदाची कोल्हापुरात! आणि खोली मिळाली. माझी एकटीची, आतून कडी लागणारी, बाथरूम आतच. गारगोटीला घरी दोन खोल्यांत आम्ही सात माणसं. झोपले की अंगावर कुणाचा तरी पाय असायचाच. वहिनीचे केस माझ्या कंगव्यात, दादाच्या दाढीचे केस साबणाला, पुतण्याचा शेंबूड माझ्या टॉवेलला. शी! मला किळस येते म्हटलं की आई म्हणायची, आली मोठी राणीसरकार. असू दे. पुण्याच्या हॉटेलात चादरी तपासण्यात माझी उमर गेली, आता दुसऱ्याच्या अंगाचा वास माझ्या अंथरुणाला नको म्हणजे नको. ही नोकरी धरली ती या खोलीसाठीच.

बंगला रंकाळ्याच्या पलीकडं आहे, नवा कोरा, फरशी अशी की तोंड दिसावं. खाली चार खोल्या पावण्यांना, वरची पाच नंबर मला. अंबाबाईला, जोतिबाला, पन्हाळ्याला आलेले लोक उतरतात. फाटकावर दोन नावं आहेत, विजयसिंह आणि बाळासो, दोघं भाऊ. आज फक्त विजयसिंहच भेटले. आडवा गडी, आवाज असा की पलीकडच्या गल्लीत ऐकू जावा, दोन्ही मनगटांवर घड्याळ. मला आग्रह करून तांबडा-पांढरा रस्सा खायला घातला. स्वतः एक ताट संपवलं, उठून हात धुतले, परत बसून दुसरं ताट घेतलं. खाणारा माणूस आहे.

काम सोपं आहे. या खोल्या तीन बुकिंग साईटवर लावल्यात. एका साईटनं खोली विकली तर दुसरीला त्याचा पत्ताच नसतो, तीही विकून मोकळी. एका खोलीला दोन पावणं. तर तिन्ही साईटचं कॅलेंडर एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर मी निवडून द्यायचं, आणि खोल्यांची स्वच्छता बघायची. नाद खुळा नोकरी आहे!

५ नोव्हेंबर, बुधवार

तीन सॉफ्टवेअरं बघितली. पहिलं फुकटचं. ते या साईटवरचं बुकिंग त्या साईटला कळवतं, पण निवांत, चहापाणी करत. मधल्या वेळात खोली परत विकली जाते. दुसरं बेंगळुरूचं, दिसायला देखणं, पण मोबाईलवर उघडलं की बंद पडतं. तिसरं पैसे घेतं, पण काम चोख: इकडं बुकिंग झालं की त्याच क्षणाला बाकी दोन साईटवर खोली बंद. मी विजयसिंहांना म्हटलं, तिसरं घ्या, डोळे झाकून घ्या.

ते म्हणाले, फुकटचं लाव की! मी म्हटलं, अहो, डबल बुकिंग झालं तर पुण्यात लोक मॅनेजरची कॉलर धरतात. तर हसले. म्हणाले, ते पुणं. आपल्याकडं ॲडजस्ट होतंय. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात ते हेच. लावलं फुकटचं.

एक नंबरात निपाणीची संयोगिता उतरली आहे, बँकेच्या परीक्षेला आलेली. पोरगी गोड, बोलघेवडी. पण सुपारी! चोवीस तास गालात सुपारी, आणि बेसिनमध्ये ती लाल पिचकारी. मी जाऊन दोनदा फिनेल ओतलं. तिच्या आईचा सारखा फोन येतो. त्यांच्याकडं आईला अव्वा म्हणतात. ही आपली अव्वा, अव्वा करत अंगणभर फिरते. मला म्हणाली, मी अंथरुणातून बाथरूमपर्यंत गेले तरी अव्वाला वाटतं मी हरवले. जाताना गळ्यात पडली, म्हणाली परत येते. तोंडाचा वास तेवढा आला.

८ नोव्हेंबर, शनिवार

झालं ते. दोन नंबर डबल गेला. एक आकाराम म्हणून जतकडचे बियाणेवाले, ढेरपोटे, घोगऱ्या आवाजाचे. दुसरे विश्वजित म्हणून लातूरचे मास्तर, काटकुळे, एका पायानं लंगडणारे, बोलणं अगदी मऊ. दोघंही काल संध्याकाळी बॅग घेऊन दारात. मी शिव्या खायच्या तयारीत उभी. विजयसिंहांनी दोघांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ॲडजस्ट होतंय की, पावणं. दोघं शहाण्या लेकरासारखे आत गेले.

आज सकाळी नाश्त्याला एकच आला. ढेरी आकारामांची, मिशा आकारामांच्या. पण लंगडत आला. दोन ताटं मिसळ खाल्ली आणि मऊ आवाजात दही मागितलं. घोगरेपणा कुठं गेला? मास्तर लवकर उठून गेले असतील, असं मी मनाला सांगितलं. पण जाताना दोन्ही खांद्यांवर दोन्ही बॅगा याच्याच होत्या.

पुढचं लिहायचीही शिसारी येते. खोल्या झाडणाऱ्या चिमणाबाई दोन नंबरातून बादली घेऊन निघाल्या, वर टॉवेल टाकलेला. स्वच्छता बघायची ती मी, म्हणून टॉवेल उचलला. आत केसांचा गोळा, मोरीच्या जाळीत अडकतो तसा, बुळबुळीत. नखं, अख्खीच्या अख्खी, मुळापासून. त्यावर गार दुधावर साय धरते तशी कातडी, सुरकुतलेली. आणि सायीत रुतलेले दात. मी तिथंच ओकले. चिमणाबाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, एवढं काय त्यात, पावण्यांचं उरलंसुरलं हाय. परसात नेऊन ओतलं. भिंतीपाशी कुत्री वाटच बघत होती. या घराची कुत्री फार पोसलेली आहेत.

विजयसिंह म्हणाले, कुणाची तरी कवळी असंल. कवळीला हिरडी असते का हो, मांसाची?

९ नोव्हेंबर, रविवार

दोघांचे रिव्ह्यू आलेत, दोन वेगळ्या साईटवर. एकच वाक्य, अक्षराला अक्षर: झोप छान लागली, ॲडजस्ट झालं.

जेवताना विजयसिंहांना विचारलं, तुमचे बंधू बाळासो कुठं असतात? हितंच हाय की, म्हणाले, आणि पोटावरून हात फिरवला. मग उठले, हात धुतले, दुसऱ्या ताटावर बसले. मी माझं ताट सारलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तीन नंबरात काल दोन जोडपी सोडली. आज सकाळपासून मी हॉलमध्ये खुर्ची टाकून बसले होते, जागची हलले नाही. चौघं आत गेले होते, दोघं बाहेर आले. बाईच्या गळ्यात दोन मंगळसूत्रं. एक डोळा घारा, एक काळा. मला गोड हसून विचारलं, चांगला गूळ कुठं मिळेल हो? मी बोटानं दाखवलं मार्केट यार्डाकडं. बादली आज काठोकाठ होती. चिमणाबाईंना उचलताना कण्हायला लागलं.

मला वेड लागलेलं नाही. पळून जावं का? कुठं? परत दोन खोल्यांत, परत कुणाच्या तरी पायाखाली? ते जिवंतपणी ॲडजस्ट होणंच की. आणि मी गेले तर हा माणूस फुकटच्या सॉफ्टवेअरवर रोज पावणं कोंबत बसणार. नीट विचार केला. एका खोलीत दोन बुकिंगं झाली तरच बादली भरते. डबल थांबलं की हे थांबलं.

म्हणून न विचारता तिसरं सॉफ्टवेअर लावलं, फुकट ट्रायलवर. त्यानं विचारलं, कुठल्या खोल्या जोडायच्या? कोण एकेक टिचकवत बसणार, म्हटलं सगळ्या. जुन्या बंद पडलेल्या जाहिराती पण चालू करू का म्हणालं, म्हटलं कर बाबा कर. क्षणात तिन्ही कॅलेंडरं एका रंगाची झाली. पाच खोल्या जोडल्या, असं वर हिरव्यात आलं. हुश्श!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काय इषय हाय का! एक डबल नाही. चार खोल्यांत मोजून चार बुकिंगं, आली तेवढी माणसं सकाळी परत गेली, आपापल्या तोंडानं बोलत. बादलीत नुसतं फिनेल. परसात कुत्री रडतात, रडू देत. विजयसिंहांचं तोंड उतरलंय. आज एकच ताट जेवले आणि म्हणाले, घर उपाशी वाटतंय गं पोरी. मी म्हटलं, घराला कशाला लागतं खायला.

चिमणाबाई विचारत होत्या, पाच नंबरला धुतलेली चादर टाकायची का, कोण यायचं हाय म्हणं. मी फटकारलं, माझ्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आता दुपारी दार लावून, पंखा लावून आडवी पडले आहे. अख्ख्या पलंगावर हात पसरून. असं सुख मला जन्मात मिळालं नव्हतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळ. तोंडात सुपारी आहे.

मी सुपारी खात नाही. मी आयुष्यात कधी खाल्ली नाही. थुंकले, लाल पिचकारी, बेसिनभर. आणि किळस — किळस आली नाही. पाहिजे तेवढी नाही आली.

कडी आतून लावलेलीच आहे. काल कुणी आलं असेल तर कडी मीच काढली असणार. हो, मीच काढली. उघडल्याचं आठवतंय. आणि बाहेर उभी राहून दार वाजवल्याचं पण आठवतंय. जिन्याची फरशी पायाला गार लागली होती. बॅग जड होती.

काल माझ्या हातात बॅग नव्हती.

सॉफ्टवेअर उघडलं. पाच नंबर, काल रात्र, संयोगिता, निपाणी. मी यायच्या आधीची जाहिरात, बंद होती, मीच चालू केली. सगळ्या म्हटलं होतं ना मी. त्याचं काही चुकलं नाही. एक खोली, एक बुकिंग. मी तर बुकिंग केलेलंच नव्हतं. त्याच्या लेखी खोली रिकामी.

बाथरूममध्ये बादली आहे.

बघितलं. वेणी. हिरवा रबर लावलेली, माझी. करंगळी, कुकरची वाफ लागलेला डाग असलेली. तो डाग मला पाचवीत असल्यापासून — आता माझ्या हाताला करंगळी आहे. डाग नाही. नखाला मेंदी आहे.

दुपार

खालून विजयसिंह ओरडले, ॲडजस्ट झालं न्हवं? खुशीत आहेत. दोन ताटं वर पाठवली. दोन्ही खाल्ली.

मधे उठून हात धुतले.

चिमणाबाईंनी बादली नेली, माझ्याकडं न बघता. खिडकीतून कुत्र्यांना बघितलं. त्यांनी काय खाल्लं ते बघितलं. वेणी तेवढी टाकून दिली.

बॅग भरली. दोन भरल्या. एसटी धरायची — गारगोटीची का निपाणी — तिकडं आईच्या दारात उभी राहिले तर ती कुणाचं तोंड बघणार —

आज संध्याकाळी पाच नंबरला अजून एक बुकिंग. नवरा, बायको, सासू. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं — हसायला आलं. दोघींना हसायला आलं. शी.

रद्द करायचं. मोबाईलला अंगठा लावला. घेत नाही. दुसरा लावला. घेत नाही. पासवर्ड आठवतो, दोन आठवतात, दोन्ही चुकीचे —

जिन्यावर चपला. विजयसिंह कुणाला तरी म्हणतायत, वर, वर, होतंय की —

कडी लावायची. हाताच्या लक्षात नाही कुठल्या बाजूला सरकवायची —

दोन फोन वाजायलेत. पलंगावर, शेजारी शेजारी. एकावर आई. एकावर अव्वा. माझा उचलायचा. माझ्या आईला सांगायचं, ये आणि घेऊन जा मला, सात जणांत झोपते, कुणाचा पण पाय असू दे अंगावर. माझा उचलायचा फक्त. हात गेला. उचलला. अव्वा, मी —