पाण्याची वीत

आबा,

आज सकाळी घोंगडी उन्हात टाकली. तुम्ही दिलेली, काळी, एका कडेला पांढरी पट्टी असलेली. कसर लागू नये म्हणून दरवर्षी टाकतो. तुम्हाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, वयानं मी आता तुमच्याही पुढे गेलो. पत्र का लिहितोय ते नीट सांगता येणार नाही, काही उचंबळून आलंय असंही नाही. तुम्ही गेलात तेव्हाही आत काही हललं नव्हतं. लोक म्हणाले, पोरगा धीराचा आहे. धीर कसला, नुसता दगड झाला होता.

ते दुष्काळाचं साल. पारनेर तालुक्यातल्या आपल्या गावात मेंढरं निम्म्यानं विकली गेली होती आणि सहा घरांतले घोंगड्यांचे माग तेवढे चालू होते. मी नुकताच नगरच्या कचेरीत लागलो होतो. छोट्या धंद्यांना गिरणीच्या मालापुढे उभं करायचं, हे आमचं काम, आणि माझा त्या कामावर खरंच विश्वास होता. भिंगारच्या छावणीला माल पुरवणारा एक ठेकेदार ब्लँकेटांऐवजी आपल्या घोंगड्या घ्यायला तयार झाला, तो माझ्याच खटपटीनं. सगळा माल एका मापाचा हवा. पहिली खेप पसंत पडली तर दरसाल मागणी. नाहीतर सहाही घरं दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणार, हे तुम्हालाही ठाऊक होतं.

कचेरीतल्या आमच्या साहेबांना जीपमधून घेऊन आलो. तुम्ही मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले, चिंचोक्याच्या खळीचा तो आंबूस वास, आणि मी टेरिलीनचा शर्ट घालून दारात. हे माझंच घर, हे मी साहेबांना सांगितलं नव्हतं. लाज वाटली. याहून मोठं कारण शोधलं, सापडलं नाही.

मी टेप लावतो. प्रत्येक घोंगडी मापापेक्षा वीतभर लांब भरते. साहेब म्हणतात, "ही सगळी लोकर फुकट जाते. मग गिरणीपुढे टिकणार कसे?" मी मान डोलावतो आणि तुम्हाला म्हणतो, "मामा, ही वीत कमी करा."

मामा म्हणालो. स्वतःच्या बापाला. शेजारच्या मागावर काका होते, ते खाली बघू लागले. आडवा धागा टाकायला उचललेला धोटा तुमच्या हातातच राहिला.

"साहेब, ती वीत पान्याची हाय," तुम्ही मला म्हणालात. "लोकर पानी प्याली की आखडती."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "असं असतं का हो?"

"जुन्या समजुती असतात, साहेब."

तुम्ही धोटा खाली ठेवलात. मग म्हणालात, "बरं साहेब. तुमी शिकल्याली मानसं." आणि सगळा माल वीत कापून विणलात. बाकीचे विणकर कुरकुरले तेव्हा तुम्ही काय म्हणालात, ते काकांनी मला फार उशिरा सांगितलं: "पोराचा शबुद हाय. खाली पडू द्यायचा न्हाई."

भिंगारला गोदामाच्या अंगणात ठेकेदारानं एक घोंगडी हौदात बुडवली, वाळवली आणि मापली. वीतभर कमी. दुसरी बुडवली, तिसरी बुडवली. मग सगळी गाठोडी परत न्यायला सांगितली. साहेबांनी मला विचारलं, "तुम्हाला माहीत नव्हतं?" मी म्हणालो, "नाही साहेब, मला या धंद्यातलं काही कळत नाही." तुम्ही टेम्पोपाशीच उभे होता. ऐकलंत, आणि वाकून पहिलं गाठोडं उचललंत.

महिन्याभरात मागांचे सहाही खड्डे बुजले. तुम्ही खडी फोडायला गेलात. माझी नोकरी मात्र नीट चालली. पुढे भांडीवाले, लोणचीवाल्या, लोहार, किती जणांकडे गेलो. प्रत्येकाला आधी एकच विचारायचो, यात जास्तीचं काय घालता आणि का? या प्रश्नाचं कचेरीत कौतुक व्हायचं. शिकवलं कुणी, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

दिवाळीला घरी आलो तेव्हा तुम्ही ही घोंगडी पुढे ठेवलीत. मी शिव्यांची वाट बघत होतो. तुमच्या बोटांना खडीच्या कपच्या लागून भेगा पडल्या होत्या. "मागावरची शेवटची हाय," म्हणालात. "वीत घातलीय. धुतलीस तरी पुरंल." बस, एवढंच. मग विचारलंत, जेवलास का.

आज तिला टेप लावला. माप अधिक एक वीत. एवढ्या वर्षांत मी ती एकदाही धुतलेली नाही. हा कागद आता तिच्याच घडीत ठेवून देतो, दुसरीकडे कुठे पाठवणार?

एक राहिलं. घरी मी आजवर सांगत आलो की तेव्हा मला माहीत नव्हतं. आबा, मला माहीत होतं. तुमच्या हातचीच घोंगडी पांघरून मोठा झालो, ती धुवायला आईबरोबर ओढ्यावर मीच जायचो. टेप धरला तेव्हाच आठवलं होतं. पण बोललो असतो, तर साहेबांनी विचारलं असतं, तुम्हाला हे कसं माहीत?