तीस फुटांवरची हाक

नाशिक

प्रिय अरुण,

जाऊन दोन वर्षं झाली तुला, आणि आता पत्र! हसशील. पण काल तुझा विद्यार्थी सुधीर मुंबईहून एसटीने पेढे घेऊन आला. ते पेढे तुझे आहेत, म्हणून लिहिते आहे.

विमान चालवणं सोडून तू वैमानिकांना शिकवायला लागलास, तेव्हा किती बोलले मी! "आकाश सोडून पेटीत बसलास? जमिनीवरून हलत नाही ते कसलं विमान?" तू म्हणालास, "एकदा त्या पेटीत, सिम्युलेटरमध्ये, येऊन बस, ताई. घाम फुटेल." आले का मी? नाही. मला नेहमी शाळा होती.

सुट्टीत मात्र तू माझ्याच पडवीत वर्ग भरवलास. तू खुर्चीत, हातात माझं लाटणं. ते म्हणे इंजिनाचा दांडा, पुढे ढकलला की विमानाला जोर! मी उतरती उंची मोजायची आणि मध्येच "वर!" ओरडायचं, की तू उतरणं सोडून पुन्हा आकाशात. मी दर वेळी दोनशे फुटांवर ओरडायचे. तुझ्या पुस्तकात तसंच होतं ना!

"सगळे परीक्षक हेच करतात, ताई. पोरं वाटच बघत असतात. धावपट्टीवरचं कुत्रं काय पुस्तक वाचून येतं?"

मला राग आला. पुढच्या खेपेला दोनशे नुसतेच मोजले. शंभर, पन्नास, तीस... "वर!" लाटणं उडालं, लोणच्याची बरणी फुटली! मी चिडले आणि तू नाचलास. "हेच! हेच मी त्यांना देणार!" बरणी मात्र अजून आणून दिली नाहीस.

गेल्या महिन्यात उतरताना सुधीरला अगदी शेवटी धावपट्टीवर जीप दिसली. "विचार करायला वेळच नव्हता, ताई. सरांचा आवाज कानात होता: चाकं टेकली तर टेकू दे, घाबरून विमानाचं नाक वर ओढू नकोस! हात आपोआप पुढे गेला. चाकं टेकलीच, आणि विमान वर!"

मागे शंभरावर माणसं होती, अरुण. खाली आल्यावर एक आजोबा त्याच्यावरच डाफरले, "तुमच्या घिरट्यांपायी माझी मालेगावची गाडी चुकली!"

मी खूप हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन लावलेलीच भांडी पुन्हा लावली. हे ऐकायला तू का थांबला नाहीस रे?

सुधीर मला तुझी पेटी दाखवायला नेणार आहे. या वेळी शाळेची सबब नाही. मी मागच्या खुर्चीत बसेन. उंची मोजायला दिली तर मोजेन, आणि तुला वचन देते, तीसच्या आधी "वर!" ओरडणार नाही.

लाटणं घरीच ठेवते.

तुझी,
ताई