ढगातलं वाक्य

सोमवार, संध्याकाळ. कांदिवली.

उद्या दत्ताचं हृदयाचं ऑपरेशन, आणि घाबरलोय मी.

नेहाने, माझ्या नातीने, आम्हा दोन म्हाताऱ्यांच्या दोस्तीवर विनोदी कॉमिक काढून स्वतःच छापलंय. कट्ट्यावरची भांडणं, चोरून प्यालेला गोड चहा, सगळं आहे. पण शेवटच्या पानावर माझ्या डोक्यावर एक ढग, आणि ढगात लिहिलंय, ‘दत्ता मेला तर मी भांडू कुणाशी?’

असं छापायचं? घरात अभद्र बोललं की वास्तू तथास्तु म्हणते. मी पुस्तक गादीखाली लपवलं. पण कार्टीने एक दत्तालाही नेऊन दिलेलं!

दुपारी हॉस्पिटलात गेलो तर हा वाचून हसतोय.

“दत्ता, त्या ढगाकडे बघू नकोस रे.”

“अरे येड्या, ढगातलं म्हणजे मनातलं. बोललेलं असतं तर फुगा काढतात. मनातलं वास्तूला कसं ऐकू जाईल? उगाच घाबरतोस.”

मी मान हलवली.

नेहाला ते वाक्य सुचलेलं नाही. गेल्या आठवड्यात मीच स्वयंपाकघरात उभा राहून मोठ्याने बोललो होतो. आणि वेळ दिवेलागणीची होती.