माझ्या हातचं शेवाळ

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार, यावेळी नुसत्या मानेनेच केलेला, गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? "बरा आहे" एवढंच कळवू नकोस, किती पायऱ्या चढतेस ते लिही. मी ठणठणीत आहे. अक्षर वाकडं दिसेल, तो पेनाचा दोष. (शाळा चौथीपर्यंतच, पण अक्षर सरळ होतं, तूच साक्षीदार.)

बाग कशी आहे म्हणून विचारलंस. बागेत शेवाळ आहे. मागच्या दारापासून नळापर्यंत सगळी फरशी हिरवीगार. ताई, बावीस वर्षं मी दवाखान्याच्या फरश्या पुसते. रक्त, औषधं, डॉक्टरांचे चिखलाचे बूट, सगळं माझ्यापुढे हरलं. मोठ्या नर्सबाई नव्या बायकांना माझा वॉर्ड दाखवायला नेतात. आणि माझ्याच दारात हे? नाकच कापलं की!

मग मी पदर खोचला. खुरप्याने खरवडलं, खराट्याने घासलं, उकळतं पाणी ओतलं, चुना टाकला, फिनेल टाकलं. (फिनेल विकतचं, दवाखान्यातलं नव्हे, लगेच भुवया उचलू नकोस.) रोज घासायचं आणि वरून चार बादल्या पाणी. चार दिवस फरशीत तोंड दिसायचं, पाचव्या दिवशी पुन्हा हिरवं. आमचे हे खुर्ची टाकून बघत बसायचे. एकदा म्हणाले, "राहू दे की, पायाला मऊ लागतं." मी म्हटलं, "खुर्चीतून पाय खाली येतात कधी तुमचे?" त्या दिवशी चहा त्यांनी स्वतःच केला.

शेवटी रोपवाटिकेतल्या म्हाताऱ्या माळ्याला बोलावलं. तो उकिडवा बसला, बोटाने दाबून बघितलं, म्हणाला, "बाई, पाणी किती घालता?" मी म्हटलं, "घालत नाही, धुते. चार बादल्या." "आणि खरवडलेलं?" "खराट्याने भिंतीकडे सारते." तर म्हणतो कसा, "भिंतीची सावली आहेच, पाणी रोज तुम्ही देता, तुकडेही तुम्हीच पेरता. चाळीस वर्षं झाडं लावतोय, पण एवढी निगा मी कुणाची राखली नाही." हे तोंड फिरवून हसले. खांदे हलताना दिसले मला.

दुसरी असती तर ओशाळली असती. मी नाही. माझ्या हाताखाली काही जगत नाही असं तूच म्हणायचीस ना? तू दिलेला गुलाब आठ दिवसांत गेला, मोगरा गेला, निवडुंगसुद्धा गेला. (निवडुंग मारायला वेगळी अक्कल लागते, हे तुझे शब्द. मी विसरलेले नाही.) आता ये आणि बघ. चुना खाऊन, फिनेल पिऊन, उकळत्या पाण्यात न्हाऊन माझं शेवाळ उभं आहे. तुझ्या लाडावलेल्या गुलाबांना हे झेपेल? गल्लीत कुणाकडे इतकं दाट नाही, मी भिंतीवरून डोकावून खात्री केली आहे.

तू दर पत्रात लिहितेस, "मला कुणावर ओझं व्हायचं नाही." कोण म्हणतंय ओझं? सांभाळायला नाही बोलावत, बाग बघायला बोलावते. आणि ती दोन-चार महिने तरी बघावी लागेल, उभ्या उभ्या बघण्यासारखी नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. येताना रबरी तळाच्या चपला घालून ये.

ता. क. चपला कशाला म्हणून विचारशील. मी पडले. उजवं मनगट मोडलं, हात प्लास्टरमध्ये आहे, हे सगळं डाव्या हाताने लिहिलं. पेनाला वर बोलले ते मागे घेते. पण खाली शेवाळ होतं म्हणून मनगटावर निभावलं, कोरडी फरशी असती तर कंबर गेली असती. (कोरड्या फरशीवर मी पडले असते का, असं हे विचारतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस.)

ता. क. तीन आठवडे माझी वेणी हे घालताहेत. पोत्याचं तोंड बांधल्यासारखी गाठ मारतात. तू लहानपणी ओढून ओढून घालायचीस, मी किंचाळायचे, तशी घट्ट कुणालाच येत नाही. ओझंच म्हणशील तर सध्या या घरात ते मी आहे. कंगवा तुझ्या उशाशी काढून ठेवला आहे.