सहा सेकंदांची सूचना

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि मी आज उत्तराला बसतोय, म्हणून आधी कान धरतो. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि आजचं वाक्य जरा लांब आहे.

मामांच्या आयुष्यावरचा माहितीपट तपासणीसाठी नेमका माझ्याच टेबलावर आला. माझं काम तुला ठाऊक आहे. चित्रपट बघायचा आणि त्यात कुणाला त्रास होईल असं काय आहे ते दोन ओळींत लिहायचं. चित्रपटाआधी त्या ओळी सहा सेकंद पडद्यावर राहतात आणि तेवढ्यात लोक आपापली खुर्ची शोधतात. बावीस वर्षं मी तेवढंच लिहितोय. हल्ली दुपारनंतर डोळ्यांतून पाणी येतं. बाकीचा थकवा कुठून येतो ते डॉक्टरांनाही सापडत नाही.

साहेबांना मी सांगून पाहिलं की हे हेरकथा लिहिणारे गृहस्थ माझे सख्खे मामा, तेव्हा काम दुसऱ्याला द्या. त्यांनी नियमांचा कागद काढला. त्यात आईवडील, नवराबायको आणि मुलं एवढीच नाती होती. मामा यात कुठे बसत नाहीत, असं साहेब म्हणाले आणि त्यांनी कागद मिटला.

मग बघितला. धूम्रपान लिहिलं, मद्यपान लिहिलं, नाट्यरूपातल्या मारामाऱ्या लिहिल्या. त्या लिहिताना हसू आलं. चाळीस पुस्तकांत शेकड्याने माणसं मारणारे मामा स्वतः इंजेक्शनच्या सुईला घाबरायचे. पुढे बावन्नाव्या मिनिटाला ती टेप लागली. तू अकरा वर्षांची. हस्तलिखितावर शाई कुणी सांडली, असं मामा पोटच्या मुलीला, म्हणजे तुला, विचारतायत. तू नाही म्हणतेस. ते पुन्हा तेच विचारतात, अजिबात आवाज न चढवता. असं किती वेळा, ते मी मोजलं नाही. शेवटी तू रडतेस आणि मागे एक लहान मूल खुदकन हसतं. तिथे टेप तोडली आहे. लगेच आजची तू पडद्यावर येऊन हसत सांगतेस की दादा पुस्तकासाठी अशी खोटी चौकशी करायचे, आमची मजा असायची.

मी सूचनेत एक ओळ घातली: लहान मुलीला घाबरवून कबुली घेतानाचा खरा आवाज. आजच मसुदा दिग्दर्शकबाईंकडे गेला. हरकत घ्यायला त्यांना पंधरा दिवस आहेत. हे तुला कळवणं नियमात बसत नाही, पण न कळवणं मनात बसेना.

गुडघा कसा आहे? जिने कमी कर. माझ्यावरचा लोभ या पत्रानेही उणा होऊ नये.

तुझा
खारू

८ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचायच्या आधी त्या दिग्दर्शकबाईंचा फोन पोचला. मी प्रयोगशाळेत एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधत होते. बाई रडवेल्या झाल्या होत्या. ती ओळ राहिली तर मुलांना चित्रपट दाखवता येणार नाही म्हणे. पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या बालविभागाला दादांचं नाव द्यायचंय आणि त्याच दिवशी शाळेतल्या मुलांना हा दाखवायचं ठरलंय. फीत मीच कापणार आहे, म्हणून साडीसुद्धा काढून ठेवली आहे. आणि तू कुठली ओळ घेऊन बसलास!

अरे, सगळं घर त्या गोष्टीवर हसत आलंय. माझ्या लग्नात दादांनी ती टेप पाहुण्यांना ऐकवली होती, विसरलास? व्याह्यांना हसून ठसका लागला होता. तुला लहानपणापासून काट्याचा नायटा करायची सवय. दाण्याला कीड आहे का म्हणून दहादा उलटासुलटा करून मगच खायचास, म्हणून तर खारू नाव पडलं. ही ओळ खोडून टाक आणि डोळ्यांना विश्रांती दे.

गुडघा जिथे होता तिथेच आहे. वहिनीला माझी आठवण सांग. मी रागावले तरी माया पातळ होत नाही, हे तुला सांगायला नको.

तुझी
ताई

११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून ओळ खोडायलाच बसलो होतो. खोडण्याआधी पुन्हा ऐकावी अशी आमची पद्धत आहे. तशी ऐकली, मग आणखी ऐकली. कानांवर यंत्र चढवून अकरा वेळा ऐकली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला पाणी आणून दिलं.

तुझ्या लग्नातली टेप मला चांगली आठवते. सगळे हसत होते तेव्हा तू वाढायच्या निमित्ताने आत गेलीस आणि बराच वेळ बाहेर आली नाहीस. मी तेव्हा बावीस वर्षांचा घोडा होतो. मला कळायला हवं होतं.

मागे हसणारं मूल मी आहे. मामी रुग्णालयात रात्रपाळीला निघाली की मामा तुला स्टुलावर बसवायचे आणि टेबलावरचा दिवा तुझ्या तोंडावर वळवायचे. आवाज मुद्रित करायला टेपची दोन बटणं एकदम दाबायचं काम माझं. सुट्टीत तुमच्याकडे आलो की त्या बटणांसाठी मी दिवसभर वाट बघायचो. मामांनी मला आयुष्यभर प्रेमाने वागवलं. माझ्या गावच्या शाळेत नकाशासुद्धा नव्हता, जग मी त्यांच्या पुस्तकांत पाहिलं. त्यांच्याविरुद्ध एक ओळ लिहिताना हात जड होतो. सकाळी देवापुढे बसतो तेव्हा हल्ली काही मागत नाही, फक्त ओळ ठेवू का, हेच विचारतो. तोही मामांसारखाच, स्वतः काही सांगत नाही.

म्हणून तुला विचारतो, आणि एकदाच विचारतो. पुन्हा पुन्हा विचारणं आपल्या घरात फार झालं. ती मजा होती का? हो म्हणालीस तर ओळ काढेन आणि विषय संपला. अठरा तारखेपर्यंत वेळ आहे.

उत्तर काहीही असो, मला तुझा धाकटा राहू दे.

तुझा
खारू

१५ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आल्यापासून तुझ्यावर चिडले होते. काल प्रयोगशाळेत एक लहान मुलगी आली. तिची आई तिला सांगत होती की काही होत नाही, मुंगीसुद्धा चावत नाही. मी आईला गप्प केलं आणि मुलीला सांगितलं की आता टोचेल, तीन आकडे मोजेपर्यंत दुखेल, मग थांबेल. पोरीने हात पुढे केला. तीस वर्षं मी प्रत्येकाला हे सांगत आले. शेवटच्या वर्षी दादांचं रक्तही मीच काढायची. ते तोंड फिरवून, माझा पदर मुठीत धरून विचारायचे की टोचणार का गं. टोचेल म्हणून मी त्यांनाही आधी सांगायची.

मला कोणी सांगत नसे. कुठल्या दिवशी स्टूल ओढलं जाईल ते कळायचं नाही. मजा नव्हती रे.

आणि ती टेप तिथे संपत नाही. पुढचं चित्रपटात घेतलेलं नाही आणि दादांनी लग्नातही ते ऐकवलं नव्हतं. तू सहा वर्षांचा होतास, तुला आठवत नसेल. शेवटी मी तुझं नाव सांगितलं. काही पाहिलं नव्हतं, काही ठाऊक नव्हतं, नुसता दिवा बाजूला व्हावा म्हणून सांगितलं. दादांनी मला शाबास म्हटलं, टेप बंद केली आणि लिहायला बसले. शाई कुणी सांडली याच्याशी त्यांना देणंघेणंच नव्हतं. पकडलेला हेर आपल्या भावाचं नाव सांगतो, ते प्रकरण त्या महिन्यात लिहून झालं. इतकं खरं कुणी लिहिलं नाही, असं लोक अजून म्हणतात. मी ते पान आजवर उघडलेलं नाही. तू पेपरात नापास झालास, पडलास, नोकरी मिळेना, दरवेळी मला वाटायचं की याचं नाव मी उगाच घेतलं होतं.

दिग्दर्शकबाईंना मी फोन करून सांगितलं की हरकत घेऊ नका. शाळेतल्या मुलांसाठी दादांची पुस्तकं ठेवा म्हटलं, चित्रपट मोठ्यांना दाखवा.  बरं, नाही घेत म्हणाल्या. फीत मी कापणार, साडी तीच. दादा माझेच होते.

ओळ राहू दे. मला माफ केलंस तर कळव.

तुझी
ताई

२९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सतराला मिळालं. हरकतीचा रकाना कोरा राहिला आणि ओळ आहे तशी मंजूर झाली. साहेबांनी सही करताना विचारलं की यातला खरा हा शब्द काढला तर चालेल का. चालणार नाही म्हणालो. बावीस वर्षांत त्यांना पहिल्यांदाच असं म्हणालो असेन. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि सही केली.

आता माझं ऐक. मला सगळं आठवतं. ती दौत मीच सांडली होती. दुपारी मामा झोपले असताना त्यांच्या खुर्चीवर चढून लेखक लेखक खेळत होतो. संध्याकाळी तू रडलीस तेव्हा मी हसलो ते तुला नाही, आपण सुटलो म्हणून हसलो. मग तू माझं नाव घेतलंस आणि माझी बोटं बटणांवरच गोठली. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की तू मला दारातून पाहिलं होतंस आणि तरी बराच वेळ सांगितलं नाहीस, मला वाचवत राहिलीस. तू तर खोटं बोलले म्हणून झुरत होतीस. तू खरं बोललीस, ताई. खोटा मी होतो, एक शब्दही न बोलता. माफी कुणी कुणाची मागायची ते तूच ठरव.

आज सकाळी देवापुढे बसलो तेव्हा विचारायला काही उरलं नव्हतं. नुसता बसलो. बरं वाटलं.

पहिल्या खेळाला मी येतोय. मला तुझ्या शेजारची खुर्ची हवी. आपली सूचना सहा सेकंद दिसेल, पण टेप बावन्नाव्या मिनिटाला आहे आणि तोवर माणूस विसरतो. एक्कावन्नावं मिनिट संपत आलं की मी तुझ्या हातावर हात ठेवेन आणि हळूच सांगेन, की आता टोचेल.

तोवर गुडघा जप, आणि जी माया आजवर फुकट घेत आलो ती तशीच चालू ठेव.

तुझा
खारू